गेलेल्या माणसांची वही



चौक हे नेताजी पालकरांचे गाव, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या पराक्रमाविषयी या गावात बोलावयाचे म्हणजे काशीत गंगेचे पाणी विकण्यासारखे आहे, म्हणून मी ते करणार नाही. मला त्यांच्या चरित्रातली फक्त एक गोष्ट आजच्या विषयासाठी हवी आहे. १६६६ साली नेताजी शिवाजीमहाराजांपासून दुरावले, पुढे मोगलांच्या कैदेत सापडले, महंमद कुली खान हे नाव घेऊन त्यांना काबूलच्या बाजूला जावे लागले, आणि १६७६ साली ते परत महाराजांकडे आले. एका माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षे अशी परमुलखात गेली.

आता समजा, त्या काळी खानेसुमारी असती आणि ती एकदा १६६५ साली व पुन्हा १६७७ साली झाली असती, तर हिशेबनिसाला काय दिसले असते? नेताजी पहिल्यांदाही स्वराज्यात, दुसऱ्यांदाही स्वराज्यात. म्हणजे हा माणूस कोठे गेलाच नाही! एवढा मोठा सरदार, एवढा मोठा प्रवास, आणि वहीत त्याची एक ओळसुद्धा नाही. नेताजींची ये-जा आपल्याला ठाऊक आहे ती बखरींमुळे आणि पत्रव्यवहारामुळे. त्यांच्यामागे घोड्याच्या लगामाला धरून जो मोतद्दार गेला असेल, तो परतला की नाही हे कोणी लिहून ठेवले नाही.

परदेशी जाणाऱ्या माणसांची मोजदाद आणि त्यांच्या जाण्याने मागच्या मुलखाचे झालेले बरेवाईट, हा आजचा विषय आहे. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. मी इतिहासाच्या बाजूने त्याकडे पाहणार आहे, आणि तेही होईल तितके या रस्त्यावरून.

या रस्त्यावरून म्हणण्याला कारण आहे. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत. त्यानंतर पुण्या-साताऱ्याकडून मुंबईस जाणारा माणूस घाट उतरून खोपोली, तेथून चौक, तेथून पनवेल आणि पनवेल बंदरातून मचव्याने मुंबई, असा जाऊ लागला. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकाहूनच माथेरानचा डोंगर चढले, ही हकीकत येथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. साहेब वर चढला त्याची तारीख, वाट आणि परत येताना बरोबर आणलेल्या पाण्याच्या बाटलीचीसुद्धा कथा राहिली. त्याच वर्षांत खालच्या रस्त्याने पनवेलकडे जी माणसे गेली आणि मुंबईच्या बंदरातून समुद्रापार झाली, त्यांची कथा राहिली नाही.

ही माणसे कोठे गेली? बरीचशी मॉरिशसला. त्या बेटावर इंग्रजांनी १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपवली. उसाचे मळे तर चालवायचे होते. म्हणून त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलास' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरवले गेले. ते छोटा नागपूरच्या डोंगरांतले होते. कागदोपत्री त्यांना 'धांगर' म्हटले आहे, तेव्हा आपल्याकडचे धनगर समजून कोणी फसू नये. अशा फसगती या विषयात पावलोपावली आहेत. तेथून सुरू झालेली ही रीघ, मधली १८३९ नंतरची दोनतीन वर्षांची बंदी सोडली, तर १९१० पर्यंत चालली. त्या अवधीत साडेचार लाखांहून अधिक माणसे मॉरिशसच्या धक्क्यावर उतरली. पुष्कळशी कलकत्त्याच्या वाटेने, त्याखालोखाल मद्रासच्या. मुंबईच्या वाटेने गेलेले शेकडा दहांहूनही कमी.

शेकडा दहाहून कमी म्हणजे थोडेच, असे वाटेल. पण साडेचार लाखांतला तो वाटा काही दहापाच हजारांचा नव्हे. तो तीसचाळीस हजारांच्या घरात जातो. आणि त्यांत मोठा भरणा कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या कुणबी-मराठ्यांचा व त्यांच्याबरोबरीच्या कष्टकरी जातींचा होता. घाटावरचा माणूस बोरघाटाने मुंबईला निघाला तर त्याला चौकावरूनच जावे लागले असणार. येथल्या एखाद्या विहिरीवर त्याने पाणीही प्यायले असेल. पुढचे पाणी त्याला जहाजावर मोजून मिळायचे होते.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. जो माणूस आपल्या गावात कोणाच्या खिजगणतीत नव्हता, त्याची पोर्ट लुईला उतरताच बारकाईने नोंद झाली. त्याला एक नंबर मिळाला. त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, तालुका, गाव, जहाज, उतरल्याची तारीख आणि ज्या मळ्यावर रवानगी झाली त्याचे नाव, हे सारे त्या नंबरापुढे लिहिले गेले. १८६० नंतरच्या दशकात तर या मजुरांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली. आपल्याकडच्या किती संस्थानिकांचे फोटो त्या काळी निघाले असतील? पण साताऱ्याकडच्या एका कुणब्याचा निघाला. कारण उघड आहे. पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे ज्याला पुढे अपभ्रंशाने 'गिरमिट' म्हणू लागले त्यावर, मळेवाल्याने त्याच्या प्रवासाचा खर्च केला होता. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियम होता. तो चालवायचा तर माणूस ओळखता आला पाहिजे, पळाला तर धरता आला पाहिजे. मोजणी मायेपोटी झाली नव्हती.

आणि ती मोजणी घेणाऱ्याने केली, देणाऱ्याने नाही. हे मला आजच्या व्याख्यानातले मुख्य सांगणे वाटते. त्यामुळे परिणामांचाही हिशेब एकाच बाजूचा राहिला. मॉरिशसमध्ये काय झाले ते आकड्यांत सांगता येते. गुलामगिरी उठली त्या सुमारास बेटावर वर्षाला तीसपस्तीस हजार टन साखर होत असे. १८६० पर्यंत ती लाखाच्या पुष्कळ वर गेली. १८६१ च्या खानेसुमारीत बेटावरच्या सुमारे तीन लाख दहा हजार वस्तीत एक लाख नव्वद हजारांवर हिंदी होते. मजुरी किती? महिना पाच रुपये आणि शिधा. साखर तिपटीने वाढली, पण हे पाच रुपये पिढ्यानुपिढ्या पाचच्या आसपास राहिले. आता याच्या दुसऱ्या बाजूला, ज्या गावातून हा माणूस उठला तेथे त्याच्या वाट्याच्या वावराचे काय झाले? सावकाराचे कर्ज फिटले की वाढले? मागे राहिलेल्या बायकोने काय केले? याची वही नाही.

असे म्हणतात, की गरीब मुलखातून माणसे गेली की मागे राहिलेल्यांची मजुरी वाढते. तर्काला हे धरून आहे. पण आपल्या भागाचे उदाहरण घेऊन पाहा. ज्या वर्षांत मुंबई बंदरातून माणसे मॉरिशसला जात होती, त्याच वर्षांत येथून हाकेच्या अंतरावर रेल्वेचे काम निघाले. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि बोरघाट फोडायला सुरुवात झाली. १८६१ साली त्या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे कामाला होती. सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी त्यांतले किती गेले, याचे अंदाज हजारांत केले जातात. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा तर विलायतेहून येऊन काही दिवसांतच वारला आणि त्याच्या बायकोने, अॅलिसबाईने, ते काम पुढे नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट उघडला. पुढे कर्जतवरून गाडी धावू लागली आणि चौकाच्या रस्त्याची वर्दळ ओसरली.

आता सांगा, १८६१ साली या भागात मजुरी चढली असेल, तर ती माणसे समुद्रापार गेली म्हणून चढली, घाटाने बेचाळीस हजार हात ओढून घेतले म्हणून चढली, की अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढवला म्हणून चढली? तिन्ही कारणे एकाच वेळी एकाच मुलखात वावरत होती. परदेशगमनाचा परिणाम मोजणे कठीण म्हणतात ते यासाठी. जो गेला तो न जाता तर काय झाले असते, हे पाहायला दुसरे चौक आपल्यापाशी नाही.

मोजणीतली आणखी एक अडचण व्याख्येची. परदेशी गेलेला कोणाला म्हणायचे? संयुक्त राष्ट्रसंघाने सुचवलेला नियम असा, की ज्याने आपले नेहमीचे राहण्याचे ठिकाण किमान बारा महिन्यांसाठी दुसऱ्या देशात हलवले तो दीर्घ मुदतीचा स्थलांतरित. नियम सरळ आहे. पण बहुतेक देशांच्या खानेसुमारीत विचारतात ते जन्मस्थान. २०२० साली राष्ट्रसंघाने जन्मस्थानावरून अंदाज केला, तो असा की भारतात जन्मलेले सुमारे १ कोटी ७९ लाख लोक इतर देशांत राहतात. आपल्या परराष्ट्र खात्याचा त्याच सुमाराचा आकडा मात्र ३ कोटी २० लाखांच्या आसपास होता. खोटे कोणीच बोलत नाही. एकाने जन्म धरला, दुसऱ्याने वंश धरला. मॉरिशसमधल्या मराठी माणसाचा पणजोबा बोरघाट उतरून गेला. तो स्वतः तेथेच जन्मला. तो दिल्लीच्या आकड्यात आहे, राष्ट्रसंघाच्या आकड्यात नाही.

आपल्याच जिल्ह्यातले बेने इस्रायल घ्या. अलिबाग, पेण, पनवेल, रोहे या तालुक्यांत पिढ्यानुपिढ्या राहिलेले, तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे हे लोक. गावांवरून पडलेली त्यांची आडनावे आजही पेणची नि नवगावची आठवण देतात. १९४८ साली इस्रायल झाले आणि पुढच्या वीसपंचवीस वर्षांत त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले. तेथे त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानायचे की नाही यावर वाद झाला, त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि १९६४ साली सरकारने त्यांच्या बाजूने निर्वाळा दिला. तेथल्या खानेसुमारीत पहिली पिढी 'भारतात जन्मलेली' म्हणून दिसते. नातवंडे तेथेच जन्मलेली, ती त्या रकान्यातून गळतात. घरात मात्र अजून पुरणपोळी होते, आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालवले. खानेसुमारीच्या कोणत्या रकान्यात पुरणपोळी मांडायची?

असो. जुन्या काळची ही त्रुटी आपण आता सुधारली असेल, असे कोणाला वाटेल. थोडी सुधारली आहे. पण एक गोष्ट तशीच राहिली आहे आणि तिचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मजुरांची जहाजे जात होती तेव्हा बंदरात त्यांच्यावर नजर ठेवायला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी असे. हे पद आजही त्याच नावाने आहे; १९८३ च्या कायद्याप्रमाणे त्याची कचेरी मुंबईत चालते. दहावी न झालेल्या माणसाला आखातातल्या किंवा अशाच ठराविक देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर त्याला या अधिकाऱ्याची परवानगी लागते. या परवानग्यांवरून दरवर्षी किती मजूर गेले हे सांगता येते. पण दहावी झालेला जो इंजिनियर, जो संगणकवाला अमेरिकेला किंवा दुबईला जातो, त्याला ही परवानगी लागत नाही, आणि म्हणून तो त्या आकड्यात येतही नाही. ज्याच्यावर नजर ठेवावीशी वाटते त्याची गणती. बाकीचे विमानात बसतात आणि हिशेबातून उतरतात.

यादी असेल तर मोजता येते, याचेही एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात घडले. पवईच्या आय.आय.टी.तून १९७३ ते १९७७ या वर्षांत बाहेर पडलेल्या पदवीधरांचा माग काढून सुखात्मे आणि महादेवन यांनी १९८७ साली एक पाहणी पूर्ण केली. त्यांना आढळले, की शेकडा जवळजवळ एकतीस जण परदेशी स्थायिक झाले होते. हे कळले ते संस्थेपाशी विद्यार्थ्यांची यादी होती म्हणून. केरळने १९९८ पासून ठरावीक काळाने घरोघर जाऊन 'तुमच्या घरचे कोण परदेशी आहे?' असे विचारत मोजणी चालवली. ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. गेलेला माणूस भेटत नाही, पण तो ज्या घरातून गेला ते घर तेथेच असते.

माणसे मोजणे अवघड, म्हणून पुष्कळजण पैसे मोजतात. पैशाला पावती असते, हा त्यातला विश्वास. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने २०२३-२४ साली परदेशस्थांनी भारतात ११८.७ अब्ज डॉलर पाठवले. आता हा पैसा कोणत्या राज्यात आला ते पाहा. २०१६-१७ च्या पाहणीत केरळचा वाटा शेकडा १९ आणि महाराष्ट्राचा १६.७. चार वर्षांनी, २०२०-२१ साली, महाराष्ट्राचा एकदम ३५.२ आणि केरळचा १०.२. पुन्हा तीन वर्षांनी महाराष्ट्राचा २०.५ आणि केरळचा १९.७. मधल्या काळात महामारी आली आणि आखातातून पुष्कळ माणसे परतली, हे खरे. तरी महाराष्ट्र एवढा एकाएकी फुगला आणि ओसरला, हे निव्वळ माणसांच्या जाण्यायेण्याने घडले असे मानणे कठीण आहे. पैसा कोणत्या वाटेने येतो आणि बँकेच्या वहीत कोणता पत्ता चढतो, यावरही ते आकडे हलतात. मुंबईतल्या शाखेत जमा झालेला डॉलर महाराष्ट्राचा ठरतो, मग तो पुढे खर्च कोठेही होवो. म्हसळ्याच्या किंवा श्रीवर्धनच्या घरात कुवेतहून आलेले दिनार आणि मुंबईच्या उपनगरात कॅलिफोर्नियाहून आलेले डॉलर एकाच रकान्यात बसतात. त्या रकान्यावरून रायगड जिल्ह्याचे काय झाले, हे कळण्याचा मार्ग नाही.

आणि पैसा आला म्हणजे विकास झाला, हे तरी कोठे ठरले आहे? कोकणाला या प्रश्नाचा शंभर-दीडशे वर्षांचा अनुभव आहे. रत्नागिरीचा चाकरमानी मुंबईला गेला आणि त्याची मनिऑर्डर गावाला येऊ लागली. त्या मनिऑर्डरीने देणे फिटले, लग्ने झाली, घरावर कौले आली, भाऊबंदांतले दावे लढवले गेले, पोरे शाळेत गेली. हे सगळे झाले. पण वावर पडीक राहिले, कारण नांगर धरणारा हात मुंबईत होता. आखातातून येणाऱ्या पैशाची गोष्ट फारशी निराळी नाही, फक्त कौलांच्या जागी स्लॅब आला. मी एका गावात दुमजली बंगला पाहिला. रंग ताजा, फाटकाला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोर मस्कतला हाय. घर बांधलं, पन राहायला कोन?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्या बंगल्याची नोंद 'गुंतवणूक' अशी होईल. म्हातारीने तिला काय नाव दिले असते, ते मी विचारले नाही.

तरी माझे मत परदेशगमनाविरुद्ध आहे असे कोणी समजू नये. मुलीच्या शिक्षणासाठी जो पैसा येतो त्याची फळे वीस वर्षांनी दिसतात, आणि वीस वर्षे थांबून पाहण्याइतका धीर कोणत्याही वार्षिक अहवालात नसतो. माझी तक्रार आहे ती न पाहता बोलण्याविषयी. परदेशच्या पैशाने गावे सुधारली असे म्हणणाराही आणि बुडाली असे म्हणणाराही, दोघेही बहुधा वही न उघडता बोलतात.

श्रोतेहो, आता मी समुद्र सोडून आपल्या डोंगराकडे येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून राहिली. ती वर्णने मी करणार नाही. तुमच्यापैकी कित्येकजण त्या रात्री आणि पुढे चार दिवस तेथे चढून गेले होते. पण वर गेलेल्यांपुढे पहिला प्रश्न कोणता आला, ते आठवा. वाडीत त्या रात्री कोण होते आणि कोण नव्हते? कागदावर सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती. काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली, काही माणसे कामाधंद्याने बाहेर होती. नावे आणि जिवंत माणसे यांचा मेळ घालत बसावे लागले. आपल्या भागातले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहा महिन्यांच्या आत येतात म्हणून बऱ्याच पाहण्यांत ते 'स्थलांतरित' ठरत नाहीत, आणि भट्टीवर असतात म्हणून गावातही सापडत नाहीत. पासपोर्ट नाही, परवानगी नाही, मनिऑर्डर नाही. मॉरिशसला उतरलेल्या कुणब्याइतकीही त्यांची नोंद नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती व्याख्यानमालेच्या चालकांनी मनावर घ्यावी. गावात वाचनालय आहे, हायस्कूल आहे, उन्हाळ्याच्या सुटीत मोकळी मुले आहेत. त्यांनी घरोघर आणि वाड्यावाड्यांवर जाऊन चार प्रश्न विचारावेत: घरचे कोण बाहेर आहे, कोठे आहे, केव्हा गेले, आणि काही पाठवते काय? भट्टीवर गेलेला आणि बोस्टनला गेलेला एकाच वहीत, एकाच शाईने लिहावा. पाच वर्षांनी तीच घरे पुन्हा विचारावीत. या कामाला सरकारी परवानगी लागत नाही, दोनशेपानी वही लागते.

मॉरिशसच्या त्या जुन्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. ज्या धक्क्यावर ती माणसे उतरली तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवतात. वहीत मजुराचे आडनाव बहुधा नसे, म्हणून पणजोबाचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. सखाराम किंवा बापू आडनावाचा एखादा गृहस्थ तेथल्या वहीतला नंबर आणि गावाचे नाव कागदावर लिहून घेतो आणि कधीतरी महाराष्ट्रात येऊन ते गाव शोधू लागतो. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले असते, त्यामुळे ते वाचताना आपल्यालाही दोनदा अडखळायला होते. तो मुंबईहून घाटाकडे जातो तेव्हा जुन्या रस्त्याने चौकावरूनच जातो. गाडी थांबवून त्याने चहाच्या दुकानात तो कागद पुढे केला आणि विचारले, की या नावाचा माणूस येथून कधी गेला होता काय, तर त्याला दाखवायला आपल्यापाशी अजून काही नाही.